विश्लेषण : मायक्रोकंट्रोलरचा ट्रेनिंग बोर्ड विद्यार्थ्यांनी स्वतःच का बनवावा?

दूध संस्थेतील वजनकाटा, शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर, फौंड्रीतील भट्टीचे तापमान दाखवणारा डिस्प्ले, इचलकरंजीच्या मागावरील नियंत्रक. कोल्हापूर जिल्ह्याच्या रोजच्या अर्थव्यवहारात मायक्रोकंट्रोलर कुठे नाही, हे शोधणेच अवघड आहे. मात्र ज्यांनी ही उपकरणे उद्या बनवायची आणि दुरुस्त करायची, त्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची या चिपशी ओळख बहुतेकदा बंद पेटीतल्या तयार किटवरच होते. पाच-सहा जणांत एक किट, छापील प्रयोग, ठरलेले उत्तर. त्याऐवजी ट्रेनिंग बोर्ड विद्यार्थ्यांनीच बनवला तर काय साधते आणि त्यासाठी काय लागते, याचा हा आढावा.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नेमके काय?

संगणकात प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलणारी मंडले वेगवेगळी असतात. मायक्रोकंट्रोलरमध्ये ती एकाच चिपवर सामावलेली असतात. अभ्यासक्रमात आजही पहिला मान असलेली ८०५१ ही चिप ‘इंटेल’ने १९८० मध्ये बाजारात आणली. ४० पायांच्या या चिपमध्ये ४ किलोबाइट प्रोग्राम मेमरी, अवघी १२८ बाइट रॅम, प्रत्येकी आठ पिनचे चार पोर्ट, दोन टायमर आणि एक सीरियल पोर्ट होता. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्राला लागते त्याच्या तुलनेत ही मेमरी नगण्य आहे. पण बटण दाबले का ते पाहणे, वेळ मोजणे, मोटर सुरू-बंद करणे यासाठी ती पुरेशी ठरली.

‘इंटेल’ने या मालिकेचे उत्पादन २००७ मध्ये थांबवले. तरीही ही रचना संपली नाही. अन्य कंपन्यांनी तीच रचना पुढे नेली. आपल्याकडील प्रयोगशाळांत सर्रास दिसणारी एटी८९एस५२ ही त्यापैकीच एक. तिच्यात ८ किलोबाइट फ्लॅश मेमरी आहे आणि बोर्डवरून न काढता ती पुन्हा पुन्हा प्रोग्राम करता येते. ही चिप बनवणारी ‘अ‍ॅटमेल’ कंपनी २०१६ मध्ये ‘मायक्रोचिप’ने विकत घेतली.

ट्रेनिंग बोर्डवर काय असते?

मधोमध मायक्रोकंट्रोलर, त्याला ५ व्होल्टचा पुरवठा, ठोके देणारा क्रिस्टल, रिसेटचे बटण आणि प्रोग्राम उतरवण्याची सोय एवढे झाले की चिप चालू होते. शिकण्यासाठी तिच्याभोवती आणखी काही भाग लागतात. एलईडी, स्विच, १६ अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी, कळफलक, रिले, स्टेपर मोटर आणि तापमानाचा सेन्सर हा नेहमीचा संच. ८०५१ मध्ये अ‍ॅनालॉग संकेत वाचण्याची सोय नसल्याने त्यासाठी वेगळी चिप जोडावी लागते.

तयार किटमध्ये हे सारे असतेच. फरक एवढाच, की तिथे प्रत्येक जोडणी आधीच झालेली असते. ती तशीच का केली, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडत नाही. किट बंद पडला तर तो कपाटात जातो आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहतो.

हा विचार कोल्हापूरला नवा आहे का?

नाही. २००७ मध्ये ‘स्प्रिंगर’ या आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेने ‘एक्सप्लोरिंग सी फॉर मायक्रोकंट्रोलर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शिवाजी विद्यापीठातील रजनीश कामत आणि गोवा विद्यापीठातील गौरीश नाईक हे त्याच्या चार लेखकांपैकी दोघे. ८०५१ कुटुंबातील चिप सी भाषेत कशा चालवायच्या, हे त्यात प्रत्यक्ष उपयोगाच्या उदाहरणांतून मांडले आहे. पुढच्याच वर्षी याच गटाचे दुसरे पुस्तक आले. त्यातील उदाहरणे एटी८९एस५२ आणि पीआयसी१६एफ८७७ या दोन चिपभोवती रचलेली होती. ‘करून शिका’ हे दोन्ही पुस्तकांचे सूत्र. कोल्हापूर आणि गोव्याच्या प्रयोगशाळांतले काम जगभरच्या वाचकांपुढे गेले, ते याच सूत्रावर.

त्याहून मागे जायचे, तर लागणारे यंत्र बाहेरून येत नसेल तर इथेच बनवायचे, ही या शहराची जुनी खोड आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी सिनेमाच्या कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी दामले यांच्या साथीने देशी कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. उद्यमनगरातील कारखान्यांनी आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींनी हीच सवय सांभाळली. लोखंडाच्या ओतकामात जी सवय आहे, ती इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत का नसावी, असा हा साधा प्रश्न आहे.

इतर ठिकाणी काय झाले?

आयआयटी मुंबईतील वाधवानी इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेने विद्यार्थ्यांसाठी ‘पीटी-५१’ हा स्वतःचा बोर्ड तयार केला. त्यावरील एटी८९सी५१३१ए ही चिप ८०५१ कुटुंबातील असली, तरी तिच्यात यूएसबीची सोय आहे. त्यामुळे एकाच केबलमधून वीजही मिळते आणि प्रोग्रामही उतरतो. वेगळा अ‍ॅडॉप्टर नको, वेगळा प्रोग्रामर नको. विद्यार्थी लॅपटॉप आणि बोर्ड घेऊन कुठेही बसू शकतो. त्याच संस्थेच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभारण्यास मदत केली.

जगभर पोहोचलेल्या ‘आर्डुइनो’चा जन्मही असाच. इटलीतील इव्रेआ गावच्या संस्थेत २००५ मध्ये काही शिक्षकांनी तो बनवला. कारण त्या वेळी विद्यार्थ्यांना परवडेल असा सोपा बोर्ड बाजारात नव्हता. त्याआधी तिथल्याच एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ ही प्रणाली तयार केली होती आणि ‘आर्डुइनो’ तिच्याच पायावर उभा राहिला. म्हणजे ज्या तयार बोर्डाकडे आज सोपा पर्याय म्हणून पाहिले जाते, तो मुळात एका महाविद्यालयाची गरज भागवण्यासाठीच बनला होता.

मग थेट ‘आर्डुइनो’ वापरला तर बिघडले कुठे?

काहीच नाही. पहिल्या आठवड्यात एलईडी लुकलुकवून उत्साह निर्माण करण्यात त्याला तोड नाही. अडचण पुढे येते. ‘आर्डुइनो’मध्ये एका ओळीत पिन चालू होते. त्या ओळीमागे कोणते रजिस्टर बदलले, पिनमधून किती विद्युतप्रवाह गेला, घड्याळ कुठून आले हे दिसत नाही. ८०५१ वर हे सारे हाताने करावे लागते. म्हणून शिकण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी उघडी चिप, मग सोयीचा बोर्ड, त्यानंतर वाय-फाय असलेली ईएसपी३२ किंवा २०२१ मध्ये आलेला ‘रास्पबेरी पाय पिको’ असे पुढे जाणाऱ्याला नवी चिप परकी वाटत नाही.

बोर्ड बनवताना कोणते धडे आपोआप मिळतात?

पहिला धडा वीजपुरवठ्याचा. बहुतेक बोर्डांवर ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला आणि बोर्डने ३०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर उरलेले ७ व्होल्ट रेग्युलेटरवर पडतात आणि २.१ वॉट उष्णता तयार होते. हीट सिंक नसेल तर बोट टेकवत नाही. ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घेतला तर हीच उष्णता १.२ वॉटवर येते. एक साधा गुणाकार, पण तो किटवर कधी करावा लागत नाही.

दुसरा धडा क्रिस्टलचा. ८०५१ च्या बोर्डवर ११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र आकडा का असतो, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. उत्तर पाठ असते, कारण माहीत नसते. या चिपचे एक यंत्रचक्र १२ ठोक्यांचे असते. ११.०५९२ ला १२ ने भागले की सेकंदाला ९,२१,६०० चक्रे मिळतात. सीरियल पोर्टसाठी त्याला ३२ ने भागले की २८,८०० येतात आणि टायमरने ३ ने भागले की नेमके ९,६००. संगणकाशी बोलण्याचा हा प्रमाण वेग. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर हाच हिशेब १०,४१७ वर जातो, म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक. मग पडद्यावर अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटतात. चुकीचा क्रिस्टल लावून हा गोंधळ एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही.

तिसरा धडा प्रवाहाच्या मर्यादेचा. एटी८९एस५२ ची एक पिन स्वतःकडे १० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढून घेऊ शकते. पण पोर्ट १, २ आणि ३ यांपैकी प्रत्येक पोर्टच्या आठ पिनची मिळून मर्यादा १५ मिलिअँपिअर आहे आणि सर्व पोर्टची मिळून ७१. म्हणजे एका पोर्टला आठ एलईडी जोडून प्रत्येकात १० मिलिअँपिअर सोडायचे ठरवले, तर मर्यादेच्या पाचपटीहून अधिक भार होतो. उपाय दोन. एलईडीमागे सुमारे दीड किलोओहमचा रोधक लावून प्रवाह २ मिलिअँपिअरच्या आसपास आणायचा, किंवा मध्ये ड्रायव्हर चिप घालायची. शिवाय ही चिप प्रवाह ओढून घेण्यात बरी असली, तरी बाहेर देण्यात फारच कमजोर आहे. म्हणून एलईडीचे दुसरे टोक ५ व्होल्टला जोडतात आणि पिनवर ‘०’ दिला की तो पेटतो.

सर्वांत गंभीर धडा कोणता?

रिलेचा. रिसेट होताच ८०५१ च्या सर्व पोर्टवर ‘१’ येतो. पोर्टला बाहेरून पुल-अप रोधक आणि पुढे यूएलएन२००३ सारखा ड्रायव्हर जोडलेला असेल, तर प्रोग्राम सुरू होण्याआधीच रिले ओढला जातो. प्रयोगशाळेत ‘टक’ असा आवाज येतो आणि सगळे विसरून जातात.

पण हेच मंडल पंचगंगेच्या काठावरील शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये बसले तर? रात्री गेलेली वीज परत येते, चिप रिसेट होते आणि कुणी बटण न दाबता रिले क्षणभर ओढला जातो. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला पकडून राहायला तेवढा क्षण पुरतो. त्या वेळी कुणी पंपाशी झटत असेल, तर चूक जिवावर बेतू शकते. फौंड्रीतील क्रेन, वाळू मिसळणारे यंत्र, उसाचा पट्टा यांनाही हाच नियम लागू.

यावरचा उपाय स्वस्त आहे. पिनवर ‘१’ असताना रिले बंद आणि ‘०’ दिला तरच चालू, अशी उलटी जोडणी करायची. म्हणजे चिप भानावर येईपर्यंत यंत्र थांबलेलेच राहते. हा निर्णय प्रोग्राममध्ये घेता येत नाही, तो मंडलाच्या आराखड्यातच घ्यावा लागतो. तयार किटवर तो आधीच कुणीतरी घेतलेला असतो, किंवा घेतलेलाच नसतो. दोन्ही वेळा विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो.

प्रत्यक्ष बनवण्याचा क्रम कसा असावा?

सुरुवात चिपपासून नव्हे, प्रयोगांच्या यादीपासून करावी. सत्राअखेर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, ते आधी ठरले की बोर्डवर काय हवे ते आपोआप ठरते. मग आराखडा. त्यासाठी ‘किकॅड’ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यानंतर ब्रेडबोर्डवर जोडून पाहायचे आणि ते चालल्यावरच पीसीबीकडे वळायचे.

पीसीबी प्रयोगशाळेतच करायची, तर छपाई तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीने उतरवून फेरिक क्लोराइडच्या द्रावणात नको असलेले तांबे विरघळवतात. इथे एक पथ्य आवश्यक. वापरलेल्या द्रावणात विरघळलेले तांबे असते. ते बेसिनमध्ये ओतणे म्हणजे नाल्यावाटे नदीत सोडणे. पंचगंगेच्या प्रदूषणावर इतकी वर्षे बोलणाऱ्या शहरात अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेने तरी ते साठवून योग्य विल्हेवाटीसाठी द्यावे. बोर्डांची संख्या जास्त असेल तर पीसीबी बाहेरून करून घेणे सोयीचे.

जोडणी टप्प्याटप्प्याने करायची. आधी फक्त वीजपुरवठा. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दिसल्याशिवाय चिप सॉकेटमध्ये बसवायची नाही. मग क्रिस्टल आणि रिसेट, नंतर एक एलईडी. तो लुकलुकला की पुढचा भाग. चिप थेट सोल्डर न करता सॉकेटमध्येच ठेवावी, म्हणजे जळली तर बदलता येते. अ‍ॅडॉप्टर उलटा लागला तरी बोर्ड वाचावा म्हणून सुरुवातीला एक डायोड हवा. २३० व्होल्ट विद्यार्थ्यांच्या बोर्डवर कोणत्याही कारणाने येता कामा नयेत. सोल्डरिंग हवेशीर जागी, चष्मा लावून करावे आणि नंतर हात धुवावेत.

कुठे हमखास अडते?

ठरलेल्या चार-पाच जागी. ‘ईए’ ही पिन ५ व्होल्टला जोडायची राहते, तेव्हा चिप आपली अंतर्गत मेमरी सोडून बाहेर नसलेली मेमरी शोधत बसते. पोर्ट ० ला पुल-अप रोधक दिले नाहीत, तर त्यावर जोडलेला एलसीडी कोराच राहतो. एलसीडीचा कॉन्ट्रास्ट फिरवलेलाच नसतो आणि विद्यार्थी दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधतात. एटी८९एस५२ मध्ये प्रोग्राम उतरवण्याच्या तीन पिन पोर्ट १ वरच आहेत. त्यांवर दुसरे काही जड जोडले तर प्रोग्राम उतरत नाही. म्हणून तिथे जंपर द्यावेत आणि प्रोग्राम उतरवताना ते काढावेत.

लॅपटॉपही अडवतो. जुन्या किटना लागणारे सीरियल आणि पॅरलल पोर्ट आता लॅपटॉपवर नसतात. त्यामुळे बोर्डवरच यूएसबी-सीरियल रूपांतर करणारी चिप देणे शहाणपणाचे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ‘काइल’च्या मोफत आवृत्तीत प्रोग्रामचा आकार २ किलोबाइटपुरता मर्यादित आहे. शिकण्यासाठी तो पुरतो, मोठ्या प्रकल्पासाठी ‘एसडीसीसी’ हा मुक्तस्रोत कंपायलर वापरता येतो.

या अडचणींची नोंद ठेवणारी वही हा बोर्डचाच भाग मानायला हवा. काय दिसले, कुठे मोजले, काय निघाले, अशा तीन रकान्यांची. पुढच्या वर्षीच्या तुकडीला ती कोणत्याही छापील पुस्तिकेपेक्षा उपयोगी पडते.

शिक्षकांचे काम वाढते का?

वाढते. तयार किटवर दोन तासांत प्रयोग उरकतो आणि जर्नल पुरे होते. स्वतः बनवलेल्या बोर्डवर पहिले काही आठवडे काहीच चालत नाही. वेळापत्रक, गुणांकन आणि तपासणी या तिन्हींना ते गैरसोयीचे आहे. शिवाय वीस बोर्डांत वीस वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचे उत्तर शिक्षकाकडे तयार नसते. हे मान्य केल्याशिवाय हा प्रयोग टिकत नाही.

मधला मार्ग असा असू शकतो. दुसऱ्या वर्षी साध्या बोर्डची जोडणी प्रत्येकाने करायची, तिसऱ्या वर्षी गटाने एक जोड-बोर्ड आखायचा. म्हणजे मोटरचा, वजनाचा किंवा तापमानाचा. गुण केवळ ‘चालले’ याला न देता बिघाड शोधण्यालाही द्यायचे. शिक्षकाने एखादा जंपर काढून मुद्दाम बिघाड करायचा आणि विद्यार्थ्याने मल्टिमीटर घेऊन तो शोधायचा. शेवटच्या वर्षी दुकानातून तयार प्रकल्प विकत आणून सादर करण्याची जी पळवाट रूढ झाली आहे, तिला यातून काही अंशी आळा बसेल. ज्याने बोर्ड बनवला आहे, त्याला एक जंपर काढून विचारलेला प्रश्न अवघड जात नाही. विकत आणलेल्याला मात्र तो पहिल्याच मिनिटात उघडा पाडतो.

जिल्ह्याला याचा उपयोग काय?

गावोगावच्या दूध संस्थांत काट्यावरचा आकडा हा शेतकऱ्याचा पैसा असतो. त्या काट्यातील लोडसेल वजनाच्या बदल्यात काही मिलिव्होल्ट देतो, ते वाढवून अंकात बदलले जातात आणि मायक्रोकंट्रोलर तो अंक दाखवतो. हा आकडा कुठे आणि कसा चुकू शकतो, हे ट्रेनिंग बोर्डवर काटा जोडून पाहिलेल्या विद्यार्थ्याला समजते. कारखान्यात यंत्राचा कंट्रोल बोर्ड बंद पडला की उत्पादन थांबते आणि दुरुस्तीसाठी तो पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. बोर्ड वाचता येणारी मुले इथेच तयार झाली, तर त्यांना काम इथेच मिळण्याची शक्यता वाढते.

देशातही वारे त्या दिशेचे आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ या देशी प्रोसेसर प्रकल्पांतून विद्यार्थ्यांना हाताळता येतील असे बोर्ड पुढे आले आहेत. उद्या ८०५१ ची जागा अशा देशी चिपने घेतली, तरी वीजपुरवठा मोजणे, प्रवाहाची मर्यादा पाळणे आणि वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही याची काळजी घेणे हे बदलणार नाही. चिप कोणतीही असो, ही तीन कामे ज्याच्या हाताला लागली आहेत त्यालाच उद्योग दारात उभे करतात. त्याची सुरुवात एका रिकाम्या पीसीबीपासून आणि मल्टिमीटरवरच्या ५ व्होल्टपासून होते.